चादरीआडची शमिका

हे घडलंय. मी फिजिक्समध्ये एमएस्सी केलंय आणि भुतांवर माझा आजही विश्वास नाही. म्हणूनच जास्त भीती वाटते.

फेब्रुवारीतला रविवार. बाबांची बँकेकडून बदली झाल्यापासून आम्ही जयपूरला, विद्याधर नगरमध्ये राहतो. मी आणि धाकटी बहीण शमिका जवळच्या बगरू गावी ठशांची कापडछपाई बघायला गेलो होतो. कारखान्यामागे छापलेल्या चादरी दोरीवर वाळत होत्या. भर दुपार.

शमिकाच्या हातात लाकडी ठसा होता. "दादा, यावरचा मोर उलटा का?"

"छापल्यावर सुलटा यावा म्हणून. कागदाचा कापलेला उजवा पंजा टेबलावर कितीही सरकव, डावा होत नाही. उचलून पालथा घातलास की होतो. उचलायला तिसरी मिती लागते. आपल्याला कुणी चौथ्या मितीत उचललं, तर आपणही उलटे होऊ."

"मतलब मी डावखुरी? मज्जा!"

ती हसत एका चादरीआड गेली. खालून तिचे पाय दिसत होते.

मग... दिसेनात.

मी चादर बाजूला केली. मागे नुसती भिंत.

"शमे!"

ती माझ्या पाठीमागून आली. तिच्या हनुवटीवरचा डावीकडचा तीळ...

उजवीकडे होता.

घरी तिनं डाव्या हातानं घास घेतला. "आई, पुदिन्याच्या चटणीत शहाजिरं का घातलंस?"

आईनं घातलंच नव्हतं.

पुदिना आणि शहाजिरं, दोन्हींच्या वासामागे एकच रेणू असतो. एकातला दुसऱ्यातल्याचं आरशातलं रूप. नाक उलटलं, तरच वास उलटतो. आणि सगळं शरीर उलटलं, तर आपलं अन्न त्याला पचत नाही.

ती ताटं रिकामी करायची. तरी वाळत चालली. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप डावीकडे ठेवला...

मग उजवीकडे. हृदय तिथं होतं.

पुन्हा उलटली, तरच ती जगणार होती. मी तिला बगरूला नेलं. त्याच दोरीपाशी.

"जा शमे. पुन्हा आत जा."

तिनं माझं मनगट धरलं. "मी शमिका नाही रे. ती आत आहे. चल, दाखवते."

तिनं खेचलं. मी अख्खा चादरीच्या पार गेलो. आत गारठा. काळोख. आणि अगदी जवळून...

"दादा, नको येऊस!"

माझी शमी.

मी हात हिसडला. मागे, चादरीबाहेर पडलो. चादरीआड कुणीच नव्हतं.

पोलिसांच्या नोंदीत शमिका बेपत्ता आहे. आई अजून तिचं ताट वाढते.

आज आईनं पुदिन्याची चटणी वाटली. घरभर शहाजिऱ्याचा वास...

मी तिसऱ्यांदा भात वाढून घेतलाय. हल्ली पोट भरतच नाही.