मामाने काढलेली किनाऱ्याची रेघ

हे सांगितलं की लोक मला वेड्यात काढतात. काढू देत. गेल्या वर्षी चौदा नोव्हेंबरला, दुपारी साडेतीन वाजता, कोरियाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या आमच्या सोलमे गावात हे माझ्यासमोर घडलं.

ओहोटीला आमच्याकडच्या बायका चिखलात दोन-दोन किलोमीटर आत जातात. शिंपल्या काढायला.

परतायची वाट एकच. बाकी सगळीकडे भरती आधी पोचते.

लोकांनी मिळून बनवलेल्या फुकटच्या नकाशात त्या वाटेची आणि गावच्या किनाऱ्याची रेघ माझ्या दोकसू मामाने टिपली होती. स्वतः चालून.

मामा तीन वर्षांपूर्वी त्याच चिखलात गेला. सापडलाच नाही.

त्या सकाळी उपग्रहाचा फोटो बघून मी वाटेची मामाने काढलेली वाकडी रेघ सरळ केली. चूक सुधारली, असं मला वाटलं.

आणि साडेतीनला आईचा फोन.

"सोकजू, धुकं उतरलंय रे. वाटेवरचे खांब दिसत नाहीत. तुझ्या त्या नकाशात बघ."

तिच्या फोनचा ठिपका मला दिसत होता.

"नाकासमोर चाल, आई."

"नाकासमोरच चालतेय. मी काय सोजू ढोसून आलेय?"

दहा मिनिटं गेली.

"घोट्याला पाणी लागतंय रे..."

मी नकाशा बघितला... रेघ पुन्हा वाकडी होती, पण वाक जुन्या जागी नव्हता.

बदल करणाऱ्याचं नाव, दोकसू. वेळ, आत्ताची.

माझं डोकं फिरलं. मेलेल्या माणसाच्या नावाने कोण चाळे करतंय? मी रेघ सरळ केली.

ती वाकली.

पुन्हा सरळ केली.

पुन्हा वाकली...

"गुडघ्याला आलं! सोकजू, बोल ना काहीतरी!"

माझा फोटो दोन वर्षांपूर्वीचा होता. चिखलातले ओहोळ दर पावसाळ्यात जागा बदलतात, हे मला तेव्हा आठवलं.

"आई, उजवीकडे वळ! मामाच्या रेघेवरून ये!"

फोन कट झाला. ठिपका गेला.

धुक्यात बचावाची होडी निघेना. पाऊण तास मी समुद्राच्या बांधावर उभा राहून घसा फुटेपर्यंत हाका मारल्या.

मग ती आली. कमरेपर्यंत चिखल, पाठीवर टोपली.

"टोपली टाकून द्यायची ना, आई!"

"दहा किलो शिंपल्या टाकू? अक्कल आहे का?"

मी तिला धरून लहान पोरासारखा रडलो.

तिथेच संपलं असतं तर बरं झालं असतं.

गेल्या सोमवारी मामाच्या नावाने पुन्हा बदल झाला, या वेळी किनाऱ्याच्या रेघेत.

नकाशात किनारा काढताना जमीन डाव्या हाताला आणि पाणी उजव्या हाताला ठेवतात. रेघ उलट दिशेने काढली की जमिनीचा समुद्र होतो. नवशिके ही चूक करतात. मामाने कधीच केली नव्हती.

आता आमचं अख्खं गाव निळं दिसतंय.

आईला म्हटलं, चल माझ्याबरोबर शहरात, इंचॉनला. हातापाया पडलो. ती हलत नाही.

"दोकसू घरी यायचं म्हणत असेल," ती म्हणते. "मी नसले तर दार कोण उघडणार?"

सकाळपासून मी सोळा वेळा रेघ सुलट केली.

हे लिहितोय, तोवर गाव पुन्हा निळं झालंय.