कळशी घेऊ नका, म्हणणारा

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात लहरीपुऱ्याच्या गुजराती बाजारातल्या एका भांड्यांच्या दुकानात मी तांब्याची कळशी नखानं वाजवून बघत होते. शेजारी कुकरची शिटी घ्यायला आलेल्या तरुणानं विचारलं, "कुणासाठी?"

"दादासाठी. हात थरथरतात त्याचे. मावशी म्हणते, तांब्याच्या भांड्यातलं पाणी द्या. घरातली कळशी गळायला लागली."

"वय काय त्यांचं?"

"तेवीस."

"मग ही घेऊ नका. घरातलीही आजच बंद करा." एवढं बोलून तो माझ्या डोळ्यांत बघत राहिला... बघतच राहिला.

"बेन, एनुं सांभळशो नहीं!" त्याचं ऐकू नका, असं दुकानाचे शेठ ओरडले. मलाही वाटलं, हा समोरच्या स्टीलवाल्याचा माणूस असणार.

तो निघाला शिकाऊ डॉक्टर, निहार. आणि त्याचं खरंही निघालं. तो शिकत होता त्या दवाखान्यात दादाच्या बुबुळांच्या कडेला तपकिरी कडं सापडलं.

"आई-बाबा दोघांकडूनही सदोष जनुक आलं, की शरीर तांबं बाहेर टाकत नाही," निहारनं समजावलं. "ते मेंदूत साठतं. त्यात हे पाणी..."

सहा महिने रोज स्वतःच्या हातानं कळशी भरणारी आई रडायला लागली. औषधानं तांबं उतरेल, असा त्यानं तिला धीर दिला. मग माझ्याकडे वळला.

"सख्ख्या भावंडांत चारांत एकाला हा आजार होऊ शकतो, नयना. तुमचीही तपासणी करू."

निकालाला पंधरा दिवस होते. तेवढ्या दिवसांत तो चारदा घरी आला — दादाच्या गोळ्या बघायला, म्हणे! — आणि दर वेळी माझ्या डोळ्यांत बघायचा. मला बघतोय, की रोग शोधतोय? चहा देताना माझा हात थरथरला, तर केवढा दचकला! हात का थरथरला, ते कसं सांगू? आवडायला लागला होता मेला. पण तपासणीसाठी चोवीस तासांची लघवी कॅनमध्ये भरून ज्याच्या हातात दिली, त्याच्यापुढे लाजायचं तरी कुठल्या तोंडानं?

निकाल घेऊन तोच आला. मला आजार नव्हता. आई देवापुढे साखर ठेवायला आत गेली.

"चला, माझ्या डोळ्यांत बघायचं काम संपलं तुमचं," मी म्हणाले.

मी डोळे गच्च मिटून घेतले. "आता काय बघणार?"

खुर्ची सरकली... गेला वाटतं.

"तुमच्या डोळ्यांत कडं नाही, हे मला पहिल्याच तपासणीत कळलं होतं," आवाज अगदी जवळून आला. "तरी चारदा आलो."

मी डोळे उघडले नाहीत. हात तेवढा पुढे केला. थरथरत होता.

या वेळी तो दचकला नाही. त्यानं तो धरला.