इंगुन्नचा गाल ठरत नाही

"डोकं हलतंय तुझं."

इंगुन्न ओल्या गादीवर पालथी पडली होती, खांद्याला बाबांची रायफल, आणि मागून हा आवाज आला. तिने रायफल खाली ठेवून वळून पाहिलं. एक उंच तरुण उभा होता. गळ्यात परीक्षकाचं ओळखपत्र, हातात वही, आणि केस असे कापलेले की कापणाऱ्याला पोलिसात द्यावं.

"गावात केस कापायचं दुकान आहे माझं," ती म्हणाली. "दिवसभर लोकांवर ओरडते – डोकं हलवू नका! आणि तू मला सांगतोस, माझंच डोकं हलतंय?"

"हो." त्याने वहीत पाहिलं. "दर गोळीला वेगळीकडे."

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! इंगुन्नला राग आला, पण कागद खोटं बोलत नव्हता. शंभर मीटरवरच्या कागदी मूसवर, म्हणजे त्या थोराड हरणाच्या चित्रावर, पाच गोळ्या झाडायच्या, पाचही वर्तुळात बसायला हव्यात. तिच्या दोन वर्तुळात होत्या, एक शिंगात, आणि उरलेल्या दोन देवालाच ठाऊक.

या खोऱ्यात शरद ऋतू आला की लग्नंसुद्धा पुढे ढकलतात, पण मूसची शिकार नाही. बाबा दुखरे गुडघे घेऊन स्पेनच्या उन्हात राहायला गेले आणि दलदलीकाठची त्यांची शिकारीची जागा रिकामी झाली. ती जागा इंगुन्नला हवी होती, अगदी जीव तोडून हवी होती. सात वर्षांची असल्यापासून ती तिथे बाबांना चिकटून बसत आली होती. बडबड्या इंगुन्नने आयुष्यात तोंड मिटून ठेवलं ते फक्त तिथेच. पण दरवर्षीची ही चाचणी पार केल्याशिवाय रायफल घेऊन जंगलात पाऊल टाकता येत नाही. आज चाचणीची शेवटची संध्याकाळ, आठ वाजता मैदान बंद. जमलं नाही तर शिकारी गटाचे प्रमुख तोरलाइफकाका ती जागा चुलतभाऊ रुनारला देणार होते – आणि रुनार तिथे बसून चिप्स खातो.

"भुवईला काय झालं?" परीक्षकाने विचारलं.

तिच्या उजव्या भुवईवर लालभडक चंद्रकोर उमटली होती. "गोळी सुटली की रायफलवरची दुर्बीण चावते," ती पुटपुटली.

त्याला हसू आलं. ते त्याने वहीत बघून लपवायचा प्रयत्न केला, पण कान लाल झाले. "मी हालवार्ड. शाळेत सुतारकाम शिकवतो, याच महिन्यात आलोय. जरा झोप बघू परत. डोळे मीट. गाल रायफलच्या दस्त्यावर टेकव... आरामात, उशीवर टेकवल्यासारखा."

"पहिल्याच भेटीत उशी?"

आता मानही लाल झाली. "मग... मग डोळे उघड. काय दिसतं?"

"काळं. एका बाजूला अमावास्या, दुसऱ्या बाजूला थोडा मूस."

"म्हणजे तुझा गाल जिथे निवांत टेकतो तिथून दुर्बीण दिसतच नाही. ती उंच बसवलीय. दिसावं म्हणून तू मान उचलतेस, पुढे सरकतेस, आणि दर वेळी नव्या जागी. चूक तुझी नाही. दस्ता बुटका आहे."

चूक तुझी नाही! हे वाक्य इंगुन्नने पुरुषाच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. ती त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिली.

हालवार्डने पिशवीतून आपलं फोमचं बस्कर काढलं. या देशात माणूस एक वेळ घराची किल्ली विसरेल, पण बस्कर विसरायचा नाही. त्याने सुरी काढली आणि सरळ त्याचे दोन तुकडे केले.

"अरे! आता तू कशावर बसणार?"

"फळीवर."

"ती भिजलीय."

"माहितीये," तो म्हणाला आणि गुडघ्यावर बसून तुकडा दस्त्यावर चिकटपट्टीने बांधायला लागला. लाकडाच्या भुशाचा वास आला. पावसाचे थेंब त्या भयाण केसांवरून ओघळत होते. हात मात्र इतके हळुवार चालले होते, की इंगुन्नला उगाचच आपल्या गालाचा हेवा वाटला... अजून तो तिथे टेकलाही नव्हता.

"डोळे मीट."

तिने मिटले. गाल टेकवला. उघडले, आणि पूर्ण गोल, लख्ख मूस! कुठेही काळं नाही.

"दिसतोय!" ती ओरडली.

"आता दर गोळीला हेच. तोच गाल, तीच जागा. आणि माझ्याकडे बघू नकोस."

"स्वतःला फार समजतोस की रे!"

पण पहिल्या गोळीनंतर तिने बघितलंच. तो ओल्या फळीवर श्वास रोखून बसला होता, चाचणी जणू त्याचीच होती. तिने डोळे मिटले, गाल टेकवला. दुसरी. तिसरी. चौथी. पाचवी.

हालवार्ड कागद घेऊन आला. पाचही वर्तुळात. इंगुन्नने नाचतच चाचणीचं कार्ड त्याच्यापुढे धरलं. "कर सही!"

तो पेन हातात घेऊन नुसता उभा राहिला.

"अरे, घोडं कुठे पेंड खातंय?"

"मला सही करता येणार नाही."

"काय? पाच आहेत! मोज!"

"पाच आहेत. पण शिकारी मंडळाचा नियम आहे... जवळच्या माणसाची चाचणी घ्यायची नाही."

"जवळची? कोण जवळची? तासाभरापूर्वी मला तुझं नावही माहीत नव्हतं!"

"तू नाहीस," हालवार्ड बुटांकडे बघत म्हणाला. "मी आहे."

इंगुन्नने पुढे धरलेलं कार्ड हळूच खाली घेतलं.

"कधीपासून?" तिने कसंबसं विचारलं.

"चौथ्या गोळीपासून... नाही, खोटं नको. भुवई पाहिली तेव्हापासून."

"मूर्खा! आठला बारा मिनिटं आहेत! हे उद्या सांगता आलं नसतं?"

"सही करून मग सांगितलं असतं तर लबाडी झाली असती."

माणूस प्रामाणिक निघाला, तोही नको त्या वेळी! तेवढ्यात छपराखालून म्हातारी अस्लाउग हाताला लागलेलं वॉफलचं पीठ पुसत पुसत आली. या मैदानावर वॉफलही तिचेच आणि तीस वर्षं परीक्षकपदही तिचंच.

"ऐकलंय मी सगळं," ती म्हणाली. "झोप पोरी. आणि तू रे, जा तिकडे तवा बघ. जळाले तर तुझीही चाचणी घेईन."

इंगुन्न पुन्हा पालथी पडली. डोळे मिटले. आता खरी पंचाईत होती. डोकं स्थिर, पण डोक्यातलं काहीच स्थिर नाही. दलदलीकाठची ती जागा आठवली, बाबांच्या शेजारची शांतता आठवली. गाल आपणहून त्या अर्ध्या बस्करावर टेकला. डोळे उघडले तर पूर्ण गोल. एक... दोन... तीन... चार...

पाच.

अस्लाउगने कागद चष्म्याजवळ धरून पाहिला, पिठाच्या बोटांनी सही केली आणि आठचा भोंगा वाजवला.

हालवार्ड तव्यापाशी उभा होता. एक बाजू करपलेला वॉफल हातात, पँट मागून चिंब भिजलेली. बिचाऱ्याला पुढे यायचं धाडस होईना. इंगुन्न गेली, त्याच्या हातातून वॉफल घेतला आणि एक घास खाल्ला.

"पुढच्या वर्षीही चाचणी अस्लाउगकडेच द्यावी लागणार मला," ती म्हणाली.

त्याचा चेहरा उतरला. "का? मी... माझं काही चुकलं का?"

"नियम आहे ना," इंगुन्न म्हणाली. "पुढच्या वर्षी मीही जवळची असेन."