कोठीत कोण गातंय?

"फिर गं भिंगरी, फेर धर,
पाऊल भुईवर, जीव वाऱ्यावर…"

हा आवाज रेवाच्या पाळण्यापासून ओळखीचा. आईचा. पण आई तर समोरच बसली होती, ओठ मिटून, काचेबाहेरच्या राखाडी चंद्रभूमीकडे बघत.

मग गातंय कोण?

चांद्रवस्तीतला बोळ लांबच लांब, रिकामा. आवाज गाण्याच्या शेवटी थांबायचा, पुन्हा पहिल्यापासून उगवायचा. अंगावर काटा आला, तरी रेवा त्याच्या मागं गेली. कोठीच्या अंधारात दोन हिरवे डोळे लुकलुकले.

"टिटवी! तू?"

टिटवी म्हणजे घरातली यंत्रबाई. "घाबरलीस? आणि म्हणे चंद्रावरची पोर! जुनं ध्वनिमुद्रण आहे गं. मंगळागौर आली, फुगडीचं गाणं आईंनीच म्हणायचं. पुढची ओळ आठवेना, म्हणून त्या इथं लपून ऐकायच्या. आज आल्याच नाहीत, मीच लावून वाट बघतेय."

"स्वतःचं गाणं विसरली?"

"त्यांची रजोनिवृत्ती (मासिक पाळी कायमची थांबणं) जवळ आलीय. या काळात इस्ट्रोजेन हे संप्रेरक (शरीरात निरोप नेणारं रसायन) कधी चढतं, कधी उतरतं. मेंदूलाही त्याची सवय असते. मग झोप मोडते, शब्द निसटतात. बहुतेकींचं हे धुकं पुढं विरतं."

"तोवर?"

"डॉक्टरांना विचारायचं. आणि अंग हलवायचं. व्यायामानं मेंदूकडे रक्त जास्त धावतं, पेशींची निगा राखणारी रसायनं वाढतात, झोपही सुधारू शकते. जादू नाही हं, रोज करावं लागतं. इथं चंद्रावर वजन हलकं, अंगाला कष्टच नाहीत. त्यात आईंनी फुगडीही सोडली."

रेवा पाय भुईवर टेकवणारे दोघींचे जड बूट घेऊनच परतली. "आई, ऊठ."

"नको गं. शब्द आठवत नाहीत, हसं होईल."

"शब्द राहू देत. पायांना तर आठवतंय?"

आई उठली. हातांची फुली करून दोघींनी एकमेकींचे हात धरले. बूट घासले, एक गिरकी, दुसरी. राखाडी काच गरगरली. गाणं नव्हतं, नुसते श्वास. मग आईच्या तोंडून आपसूक "फू!" निघालं आणि दोघी हसत जमिनीवर बसल्या.

"उद्या पुन्हा?" रेवानं विचारलं.

"रोज," आई धापा टाकत म्हणाली. हात मात्र तिनं सोडला नाही.

"तुझी आजी शेवटी माझं नाव विसरली होती, रेवा. मीही तुझं विसरणार, असं वाटायला लागलं होतं. म्हणून गप्प होते गं."