बाबांनी दिलेली डबल बेल

आधीच सांगतो, विश्वास ठेवाच असा माझा आग्रह नाही. मी फ्रिज दुरुस्त करणारा माणूस. बंद पडलेल्या वस्तूमागे काहीतरी कारण असतंच, एवढं एक मला आयुष्यात कळलंय. पण हे माझ्यासमोर घडलं, आणि याचं कारण मला अजून सापडलेलं नाही.

गेल्या हिवाळ्यात लेकीला सुट्टी लागली म्हणून आम्ही एका जुन्या राजधानीच्या शहरात फिरायला गेलो. मी, बायको, आमची ठकी आणि माझे वडील. आईला जाऊन वर्ष होत आलं होतं. बाबा घरात नुसते भिंतीकडे बघत बसायचे. जरा हवापालट होईल, म्हणून त्यांना बळेबळेच सोबत घेतलं. भाड्याची व्हॅन होती, ड्रायव्हर होता.

बाबा जन्मभर बस कंडक्टर. ते निवृत्त झाले, पण त्यांच्यातला कंडक्टर काही निवृत्त झाला नाही. कुठेही निघायचं तर सगळे आत बसेपर्यंत हे दाराशी उभे. बोटाने डोकी मोजायची. मग मागच्या सीटवर बसायचं, दार ओढायचं आणि पत्र्यावर दोन थापा मारायच्या.

डबल बेल!

ती मिळाल्याशिवाय आमच्याकडे गाडी हलत नाही. आणि मिळाली की कोणी मागे वळून बघत नाही. माणसं मोजायचं खातं त्यांचं, आपण कशाला डोकं घालायचं? ड्रायव्हरसुद्धा पहिल्याच दिवशी वळणावर आला होता. "काका, बेल द्या की," म्हणून हसायचा.

त्या संध्याकाळी आम्ही जुना राजवाडा बघितला. बंद व्हायच्या वेळेला बाहेर पडलो, तर बाहेर दाट धुकं. थंडीने दात वाजत होते. आमची गाडी अगदी जवळ जाईपर्यंत दिसली नाही.

ठकी पेंगुळली होती. बायको तिला शालीत गुंडाळून मधल्या सीटवर बसली. मी पुढे, ड्रायव्हरशेजारी. बाबा नेहमीसारखे बाहेर, दाराशी. आरशात मला त्यांची कानटोपी दिसत होती.

मग कानटोपी दिसेनाशी झाली...

आणि थोड्या अंतरावरून त्यांचा आवाज आला, "अरे, तू तिकडे कुठे जाऊन बसलास?"

"बाबा, इथेच आहे मी! चला लवकर, गारठलो!" मी ओरडलो.



म्हटलं, थट्टा चाललीय म्हाताऱ्याची. मला बरंच वाटलं. आई गेल्यापासून त्यांनी थट्टा केली नव्हती.

तेवढ्यात कोणीतरी माझा दंड धरून मला खस्सकन ओढलं.

माझा खांदा दारावर आदळला. मी दचकून बघितलं. दार बंद. काच बंद. ड्रायव्हरचे दोन्ही हात स्टिअरिंगवर.

"काय झालं, साहेब?"

"काही नाही. गोळा आला असेल थंडीने."

मागे दार सरकल्याचा आवाज झाला. आणि मग...

धप्. धप्.

गाडी निघाली.

शहरातले दिवे दिसायला लागले तशी ठकी जागी झाली. "आजोबा, गोष्ट सांगा ना."



"आजोबा दमलेत, राणी," बायको डोळे मिटूनच म्हणाली.

ठकी सीटवर गुडघे टेकून उभी राहिली. मागे वाकून बघितलं.

"आई... मागे कोणीच नाहीये."

गाडी थांबवली, उतरून पाहिलं. मागची सीट रिकामी. दार नीट लावलेलं.

ड्रायव्हर पांढराफटक पडला. "आईशपथ, मी दोन थापा ऐकल्या. म्हणून तर गाडी सोडली."

ऐकल्या तर मीही होत्या. बायकोनेही.

गाडी वळवली. एवढ्या थंडीत सत्तरी ओलांडलेला माणूस बाहेर... माझ्या मनात नको नको ते येत होतं. बायको एकसारखी म्हणत होती, "काही होणार नाही हो त्यांना."

राजवाड्याचं फाटक बंद झालेलं. चौकीदार बॅटरी घेऊन बाहेरच उभा होता. आम्हाला बघून त्याचा जीव भांड्यात पडला.

"तुमचे आहेत का ते? मघापासून हाका मारतोय. वळतच नाहीत."

त्याने पार्किंगच्या टोकाला बॅटरी मारली.

बाबा जमिनीवर बसले होते. पाठ ताठ, आमच्याकडे पाठमोरे. एक हात वर. चालत्या बसमध्ये वरची दांडी धरावी तसा.

वर दांडी नव्हती. काहीच नव्हतं.

तो हात खाली आणायला मला आणि ड्रायव्हरला दोघांना जोर लावावा लागला. हात बर्फासारखा होता. मी रोज बर्फात हात घालतो, पण हा गारवा वेगळाच होता. मी त्यांना मिठी मारून लहान पोरासारखा रडलो.

लॉजवर डॉक्टर येऊन गेला. थंडी बाधलीय, वयही झालंय, पांघरूण घाला म्हणाला.

सकाळी अंघोळीला शर्ट काढला तर दंडावर बोटांचे वळ. काळेनिळे. मी बायकोला दाखवले नाहीत. तसाच बाबांच्या खोलीत गेलो.

"बाबा, गाडीत बसायचं सोडून कुठे गेला होतात?"

"बसलो की गाडीत," ते म्हणाले. "शेजारी दुसरी उभी होती, तिच्यात."

"कोणाची होती ती?"

"आपल्याच माणसांची. तुझी आई होती. माझा दादा होता. हाक मारली तर कोणी मान वळवेना."

त्यांचा दादा माझ्या लहानपणीच वारला.

"आणि खिडकीशी तू होतास," ते म्हणाले.

मी त्यांच्या पलंगाच्या कडेला बसलो.

"तुला म्हटलं, उतर. तू ढिम्म. मग दंड धरून ओढून बाहेर काढला. डोकी मोजली, तर एक कमी भरायला लागलं. एक सीट रिकामी, म्हणून गाडी हलेना. आणि ती हलेना तोवर तू परत चढशील, ही भीती. मग मीच बसलो तुझ्या जागेवर... आणि दिली डबल."

हे सगळं त्यांनी एखाद्या जुन्या ड्यूटीची हकीकत सांगावी तसं सांगितलं. मी त्यांचे पाय धरले.

"जाऊ द्या, बाबा. उतरलात ना नीट? हेच खूप झालं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. भलतंच काही विचारणाऱ्या प्रवाशाकडे बघतात तसं.

"मी कुठे उतरलोय?"

त्यानंतर ते यावर एक अक्षर बोललेले नाहीत. दुसऱ्या कशावरही फारसं नाही. बसवलं तर बसतात, भरवलं तर दोन घास खातात. बायको म्हणते, धक्का बसलाय, होतील हळूहळू बरे. मी हो म्हणतो. ठकी मात्र त्यांच्याकडे गोष्ट मागायला जात नाही. का, ते मी तिला विचारलेलं नाही.

माझे वडील माझ्या जागेवर बसून गेले, हे मला रोज आतून खातं. आणि पलीकडच्या खोलीत जे बसलेत, त्यांना बाबा म्हणून हाक मारायला माझी जीभ रेटत नाही.