तांब्याच्या तीन तारा

फ्यूज डायरेक्ट करून द्या म्हणालात, ते मात्र माझ्याकडून होणार नाही. राग मानू नका. तुम्ही घाईत आहात हे दिसतंय, पण बसा, चहा सांगितलाय. का करत नाही तेही सांगतो.

पेठ रोडवर बावीस वर्षं मी गाड्यांच्या वायरिंगचं काम करतोय आणि त्यातली बरीच वर्षं हे काम डोळे झाकून केलंय. फ्यूज उडाला की वायरचा तुकडा सोलायचा, आतल्या तांब्याच्या तीन तारा पिळायच्या आणि फ्यूजच्या जागी खोचायच्या. गाडी चालू. मी डावखुरा, त्यामुळे माझा पीळ उलटा पडतो. टोकाला बारीक घडी घालायची सवय उस्तादांनी लावलेली. माझं काम मी लांबून ओळखायचो आणि त्याचा तोराही मिरवायचो.

मंगळू नावाचा एक ड्रायव्हर होता, पेठकडचा. जीपमधून पॅसेंजर न्यायचा. त्याच्या जीपला सेंटर लॉक आणि बटणाच्या काचा मीच बसवल्या. पुढे फ्यूज सारखा उडायला लागला. कुठेतरी वायर पत्र्याला घासत होती आणि ती शोधायला दोन तास गेले असते. मला कंटाळा आला. तीन तारा पिळून दिल्या आणि म्हणालो, दोन दिवसांनी ये, नीट बघतो. दुसऱ्याच दिवशी दुपारी घाटाच्या अलीकडे तो गाडी झाडाखाली लावून, काचा बंद करून, एसी लावून एकटाच पडला होता. फ्यूज असता तर उडाला असता; तारा तशाच राहिल्या, वायर तापली आणि पेटली. लॉक सुटलं नाही, काचा उतरल्या नाहीत. विझवलेली जीप मी जाऊन पाहिली. त्याबद्दल विचारू नका.

चौकशीला आलेल्या माणसांनी मला विचारलं, तुम्ही यातले जाणकार, तुमचं मत काय? मी म्हणालो, "शुद्धीत असता तर काच फोडून निघाला असता." एवढंच. बाकीचं लोकांनी जोडून घेतलं. मंगळू पिऊन पडला होता, असं गावभर झालं. त्यानं आयुष्यात थेंब घेतला नव्हता. त्याची आई कुसाबाई दारोदार सांगत फिरली, माझं पोर पीत नव्हतं, आणि लोक नुसती मान हलवायचे. खरं काय ते मला माहीत होतं. मी तोंड उघडलं नाही. दुकान होतं, घर होतं, मी घाबरलो होतो.

वर्ष गेलं. चैत्रात हिरामणचा फोन आला. हा मंगळूचा धाकटा भाऊ. त्यानं गुजरातेतून एक जुनी पिकअप आणली होती आणि ती रोज दुपारी पावणेदोनला मरायची. हॉर्न नाही, दिवे नाहीत, काही नाही. संध्याकाळी आपोआप सुरू. पेठला दोघा मेकॅनिकांना दाखवून झालं होतं. "आई म्हणती किशोरभाऊलाच बोलव," तो म्हणाला. "दादाची गाडी तुमीच बघायचे ना." नाही कुठल्या तोंडानं म्हणणार?

पोचलो तेव्हा एक वाजून गेला होता. पाड्याच्या टोकाला एकटं घर, पुढे उतरत गेलेली भाताची कोरडी खाचरं. ऊन असं की पानसुद्धा हलत नव्हतं. कुसाबाई उंबऱ्यात बसून सुपात नागली निवडत होती. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा सुपात बोटं घातली. हिरामण पाणी आणतो म्हणाला आणि कॅन घेऊन विहिरीकडे उतरला.

मी बॅटरीची वायर सोडवली, दार उघडं टाकलं आणि आडवा होऊन डॅशबोर्डखाली डोकं घातलं. अगदी साधी गाडी. हातानं फिरवायच्या काचा, चावीचं कुलूप, कुठेही जादाचं काम नाही. फ्यूजचं झाकण काढून टॉर्च मारला.

तिसऱ्या खाचेत तांब्याच्या तीन तारा होत्या. उलटा पीळ. टोकाला घडी.

या गाडीला मी जन्मात हात लावला नव्हता. स्वतःला म्हणालो, असेल कोणी दुसरा डावखुरा. तारा चिमटीत धरून ओढल्या आणि हात झटकला. बोटं भाजली होती. बॅटरी तर सुटी, मग करंट कुठून येणार?

मग वास आला. वायरचं प्लास्टिक जळतं तो... आणि त्याच्या आड दुसरा, मी त्या जीपपाशी घेतलेला. घाईनं उठून सीटवर बसलो, तेवढ्यात उघडं टाकलेलं दार लागलं आणि दोन्ही दारांतून एकदम खट् असा आवाज झाला. सेंटर लॉकचा. तो मी झोपेतही ओळखेन. या गाडीला सेंटर लॉक नव्हतं, मी आत्ताच पाहिलं होतं.

हँडल ओढलं. काचेचा दांडा फिरवला, तो नुसता गरगरला. पान्ह्यानं काचेवर मारलं, पुन्हा मारलं, दोन्ही हातांनी मारलं. ओरखडाही उठला नाही. धूर दिसत नव्हता, पण छातीत भरत होता. शुद्धीतल्या माणसालाही काच फुटत नाही, हे मला तेव्हा कळलं. कुसाबाई सूप ठेवून उठली आणि गाडीपाशी आली. दार उघडायला तिनं हात घातला नाही. काचेला तळवा लावून ती नुसती बघत उभी राहिली.

"मावशी..." मी खोकत म्हणालो. "फ्यूज मी डायरेक्ट केला होता... मंगळू प्यालेला नव्हता... त्याला दार उघडेना, मावशी... माझ्यामुळं..."

खट्.

दार उघडलं आणि मी बाहेर मातीत पडलो. कुसाबाई माझ्याशेजारी खाली बसली. ती म्हणाली, "हे सगळ्यांम्होरं सांगशील?"

सांगितलं. माणसं कामावरून परतेपर्यंत थांबलो आणि सगळ्या पाड्यासमोर सांगितलं. हिरामणनं कानाखाली मारली, ती खाल्ली. पुढे पोलिसांतही लिहून दिलं, केस चालू आहे. खोटं कशाला बोलू, त्या संध्याकाळी मला हलकं वाटलं होतं. म्हातारीच्या पोराचं नाव धुऊन निघालं, आपणही सुटलो, असं वाटलं.

निघताना कुसाबाई माझ्या मोटारसायकलपर्यंत आली. "जळत व्हता तवा त्यानं फोन केला व्हता," ती हळूच म्हणाली. "मला नाय, हिरामणला नाय. तुला. तू कापला."

हे मी तुम्हालाही सांगितलं नव्हतं. कोणालाच नाही. जीप जळाली त्या दिवशी पावणेदोनला मी ताटावर होतो. मंगळूचं नाव दिसलं, वाटलं फ्यूजची कटकट असणार, म्हणून फोन कापला. त्याचा फोन गाडीत वितळला, माझ्या फोनमधली नोंद मी त्याच रात्री पुसली. हिला कुठून कळलं?

विचारायच्या आधीच ती म्हणाली, "परत करंल तो. या बारीला उचल."

तेव्हापासून रोज दुपारी येतो. सिम बदललं, फोन बदलला, बंद करून पेटीत टाकला, तरी वाजतो. मी उचलतो. पलीकडे काहीतरी फडफडत असतं आणि मंगळू खोकत, पण नेहमीच्या अदबीनं विचारतो, "किशोरभाऊ, दार कसं उघडू?"

उत्तर मला येतं. दाराचं आतलं पॅड उपटायचं, आत बारीक सळई असते, ती वर ओढली की लॉक सुटतं. अर्ध्या मिनिटाचं काम. मी रोज सांगतो, घाई न करता, एकेक करून. तो तसंच करतो. "पॅड निघालं, भाऊ... सळई घावली... वर ना?" मी हो म्हणायला तोंड उघडतो आणि फोन कटतो.

खाली बघतो, तर लाल बटणावर माझाच अंगठा असतो.