एकतिसाव्या प्रश्नाचं उत्तर

त्या पत्राचं उत्तर मी पाच वर्षं दिलं नाही. पत्र हरवलं नव्हतं. ते माझ्या जाड शब्दकोशात होतं. दर दिवाळीला पुस्तकं झटकताना हाती यायचं, मी उभ्या उभ्या वाचायचो आणि पुन्हा त्याच पानात ठेवून द्यायचो. निळी शाई, ठसठशीत अक्षर. वच्छला रामटेके, आरोग्यसेविका.

चंद्रपूरच्या एका कॉलेजात मी चौतीस वर्षं ग्रंथपाल होतो. माणसांपेक्षा पुस्तकांशी बरं जमायचं. लग्न त्यातच राहून गेलं. निवृत्तीनंतर, त्रेसष्टाव्या वर्षी, एका संस्थेनं मला सर्वेक्षणाचं काम दिलं. डॉक्टर होताना मुलांना काय शिकवलं जातं आणि खेड्यात आल्यावर त्यातलं काय हाताशी येतं, हे शोधायचं होतं. बेचाळीस प्रश्नांचा फॉर्म, पेन्सिलीनं भरायचा. बाँडवर आलेले, म्हणजे शिक्षणाच्या बदल्यात सरकारी सेवेचं वर्ष भरणारे, तरुण डॉक्टर मी आरोग्य केंद्रांवर जाऊन गाठायचो. एखादं उत्तर रिकामं राहिलं तर पुन्हा जाऊन भरून आणायचं, असा नियम होता.

त्या नियमानंच माझा घात केला. किंवा भलं केलं... अजून ठरवता आलेलं नाही.

सावली तालुक्यातलं वैनगंगेकाठचं एक गाव. धान कापून झाले होते, बांध्यांमधून, म्हणजे भाताच्या खाचरांमधून, ओल्या तणसाचा, पेंढ्याचा वास येत होता. केंद्राच्या ओसरीवर एक बाई पातेल्यात पाणी उकळत होती. पांढरी साडी, छातीवर पिनेनं लावलेलं घड्याळ, केसांत अर्धी चांदी.

“डॉक्टर आत आहेत. बाळंतपण चालू आहे,” ती म्हणाली. “तुमी कोण जी?”

“मी... सर्वेक्षण. दादाजी निकुरे.”

“नावच दादाजी? म्हणजे जन्मापासूनच म्हातारे!”

मी हसायला हवं होतं. मी चष्मा पुसला.

तिनं माझ्या हातातला फॉर्म घेतला आणि उभ्यानं वाचला. सतराव्या प्रश्नावर बोट थांबलं. ‘बाळंतपण करायला तुम्ही मुख्यतः कोणाकडून शिकलात? १. प्राध्यापक. २. वरिष्ठ डॉक्टर. ३. पुस्तक किंवा व्हिडिओ. ४. इतर (स्पष्ट लिहा).’

“आमी कुठी आहो यात?”

“चौथ्यात,” मी पुटपुटलो.

“इतर!” ती खळखळून हसली. “तीस वर्षं नोकरी केली, आज समजलं आपण कोण ते.”

तेवढ्यात आतून हाक आली आणि ती पातेलं उचलून आत गेली. दार अर्धं उघडं राहिलं. मी मान वळवून बसलो, पण आवाज येतच होता. “डॉक्टर, हात थंडे आहेत तुमचे. आधी गरम करा. या पातेल्यावर धरा... हं. आता बाईले सांगा काय करून राह्यले ते. घाई नाई.” मग शांतता, मग एक बारीक, रागावलेलं रडणं.

डॉक्टर प्रफुल बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे भरले होते. वय असेल पंचवीस. त्यानं फॉर्म भरला. सतराव्या प्रश्नापुढे चौथा पर्याय, आणि रेघेवर: ‘वच्छला सिस्टर. हात आधी गरम करायला शिकवलं.’

बसमध्ये मी तो फॉर्म तीनदा वाचला. मग आयुष्यात कधी न केलेली गोष्ट केली. एकतिसावा प्रश्न होता, ‘बाँड संपल्यावर तुम्ही इथंच राहाल का?’ प्रफुलनं ‘नाही’वर खूण केली होती. मी ती खोडरबरानं पुसून टाकली.

आठ दिवसांनी मी पुन्हा त्या ओसरीवर होतो.

“काय जी, काऊन आले?”

“एक उत्तर... रिकामं राहिलंय.”

तिनं चहा दिला. मुरमुऱ्यांचा चिवडा दिला. नवरा फार लवकर गेला, मूलबाळ नाही, भाऊ नोकरीसाठी सिरोंच्याला गेला तो तिथंच घर बांधून राहिला, हे सगळं तिनं सहज सांगितलं. मी काय सांगणार? मी तिला पुस्तकांना वाळवी कशी लागते ते सांगितलं. तिनं ते हनुवटीला हात लावून ऐकलं!

तिसऱ्या खेपेला तिनं मला पाहताच पदर तोंडाला लावला. “आता कोणता राह्यला?”

“एकतिसावाच. बहुतेक... पुसट झाला.”

तिनं फॉर्म उन्हात तिरपा धरला. कागदावर खोडल्याचे दोन थर दिसत होते. डॉक्टर प्रफुल मागून म्हणाला, “सिस्टर, मी दोन्ही वेळा भरला होता हो!” आणि पोट धरून हसत आत पळाला.

मला वाटलं, जमीन दुभंगावी. ती मात्र हसली नाही. माझं मनगट धरून छातीवरच्या घड्याळाकडे पाहत राहिली.

“एकशे दहा. पायी आले का पळत?”

“बसनं.”

“मंग नाडी काऊन पळून राह्यली?” तिनं हात सोडला नाही. “आन् हात किती थंडे आहेत जी तुमचे...”

बांध्यांमध्ये बगळे उतरले होते. मला त्या क्षणी काहीतरी मोठं बोलायचं होतं. पुस्तकांतली कितीतरी वाक्यं पाठ होती. त्यातलं एकही आलं नाही. जे आलं ते असं, “अहवालात तुमचं नाव येईल. मी छापून आणीन.”

तिचा चेहरा उजळला. “खरं? डॉक्टर कसा घडते त्याच्या पुस्तकात माहं नाव?”

“खरं.”

ते खोटं होतं. सर्वेक्षणात कोणाचंही नाव छापत नाहीत. नियमावलीच्या दुसऱ्याच पानावर लिहिलं होतं आणि मी ती दोनदा वाचली होती. तरीही बोललो, तो उजेड पाहायला.

पुढे सगळे फॉर्म जमले. उत्तरांचे आकडे करायला बसलो तेव्हा वडसा, सिरोंचा, मूल अशा कुठकुठल्या गावांतल्या डॉक्टरांच्या फॉर्मवर सतराव्या प्रश्नापुढे तेच नाव सापडलं. ते सगळे कधी ना कधी तिच्या हाताखालून गेले होते. एकूण सात. सातांपैकी पाचांनी गरम हातांबद्दल लिहिलं होतं. मी सातही जणांची वाक्यं वहीत उतरवून घेतली आणि रकान्यात प्रत्येकापुढे ‘४’ लिहिला. संस्थेच्या मॅडमना तिचं नाव छापण्याबद्दल विचारायचं धाडस केलं तेव्हा त्या म्हणाल्या, “काका, तुम्हाला माहीत आहे ना? नावं नसतात.” मी मान हलवली. अहवाल छापून आला. पान त्रेपन्न. ‘इतर : ३८ टक्के.’

मग तिचं पत्र आलं.

‘अहवाल निघाला असं डॉक्टर म्हणाले. माझं नाव कोणत्या पानावर आहे ते कळवा, भावाला दाखवायचं आहे. मार्चमध्ये मी निवृत्त होते. खाली एक प्रश्न आहे. पेन्सिलीनं भरला तरी चालेल. प्रश्न : निवृत्तीनंतर वच्छलाबाईनं कुठे राहावं? १. भावाकडे सिरोंच्याला. २. इथंच. ३. चंद्रपूरला, पुस्तकं भरपूर असतील अशा घरात. ४. इतर (स्पष्ट लिहा).’ सोबत तिकीट लावलेलं, स्वतःचा पत्ता लिहिलेलं पाकीट होतं.

तिसऱ्यावर खूण करायला किती वेळ लागतो? पण आधी त्रेपन्नावं पान कळवावं लागलं असतं. आज लिहू, उद्या लिहू... मार्च आला नि गेला. उत्तर न देणाऱ्यापुढे आम्ही ‘९’ लिहायचो. मी स्वतःपुढे पाच वर्षं नऊ लिहीत राहिलो. भित्र्या माणसाला पश्चात्तापही सवयीचा होतो, चहासारखा.

गेल्या आठवड्यात रक्तदाब तपासायला दवाखान्यात गेलो. समोर डॉक्टर प्रफुल. अंगानं भरलेला, कानशिलावर एक पांढरा केस. त्यानं आधी आपले तळवे एकमेकांवर घासले, मग माझ्या दंडाला पट्टा बांधला.

“सिस्टर कशा आहेत?” अखेर विचारलं.

“सिरोंच्याला, भावाकडे. मागच्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, काका. वाचतात, पण लिहिता येत नाही. सर्वेवाल्या काकांचं पत्र आलं का, असं मला फोनवर विचारायच्या. दोन वर्षं विचारलं. मग बंद केलं.”

त्यानं पत्ता लिहून दिला.

त्यानंतरचे तीन दिवस कसे काढले ते सांगत नाही. या वयात कशाला, हा एक विचार. ती थुंकेल माझ्या कागदावर, हा दुसरा. दोन्ही खरे असतील. ज्या हातानं माझी नाडी धरली, तो हात आता कुणाची नाडी धरत नाही. आणि तो धड होता तेव्हा मी पानाचा आकडा लपवत बसलो होतो.

आज सकाळी चहाच्या पेल्याभोवती हात धरून बसलो. ते गरम झाल्यावर लिहायला घेतलं. ‘तुमचं नाव अहवालात नाही. येणार नाही हे मला बोलतानाच माहीत होतं. तुमचा चेहरा पाहायला खोटं बोललो आणि मग तोंड लपवलं. सात डॉक्टरांनी तुमच्याबद्दल लिहिलेलं खाली उतरवून दिलं आहे. भावाला दाखवा.’ सातही वाक्यं लिहिली.

मग वेगळ्या चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात, डाव्या हातानं खूण करता येईल अशा मोकळ्या चौकटी आखल्या.

‘प्रश्न : दादाजीनं सिरोंच्याला यावं का? १. यावं. २. येऊ नये.’

खाली बारीक अक्षरात सूचना लिहिली. ‘उत्तर रिकामं राहिल्यास सर्वेक्षक पुन्हा प्रत्यक्ष येऊन भरून घेईल. नियम आहे.’

तिचंच पाकीट घेतलं. जुना पत्ता खोडून सिरोंच्याचा लिहिला, तिकीट कमी पडेल म्हणून आणखी एक लावलं. आत माझ्या पत्त्याचं पाकीट घडी करून घातलं आणि पेन्सिलीचा एक तुकडा. खोडरबर ठेवला नाही.

पोस्टात पोचलो तेव्हा खिडकीतली मुलगी म्हणाली, “आजची डाक आत्ताच निघाली, आजोबा. उद्या टाका, तेच आहे.”

“नाही,” मी म्हणालो, “आजच.” आणि पेटीच्या फटीत हात मनगटापर्यंत घालून पाकीट सोडलं.